श्वासातला आकडा

सकाळी चूळ भरायच्याही आधी उज्ज्वलाने नळीत फुंकर घालायची आणि गुरुनाथने आपला श्वास रोखून बसायचं, असा त्या नवरा-बायकोचा पुण्यातला दिनक्रम होता. यंत्र तसं लहानसंच, वरवंट्याएवढं, रुग्णालयाने खोलीवर वापरायला दिलेलं. रुग्णालयात त्याला भलंमोठं नाव होतं. उज्ज्वला त्याला फुंकणी म्हणायची, आणि बघता बघता तिथल्या नर्सही फुंकणीच म्हणायला लागल्या.

त्या दिवशी फुंकणीच्या काचेवर अकरा आले.

"अकरा," उज्ज्वला म्हणाली. ती वेंगुर्ल्याच्या हायस्कुलात गणित शिकवायची, त्यामुळे आकडा वाचताना आवाज कसा वर्गातल्यासारखा खणखणीत. "काल नऊ होते, परवा सात."

"म्हणजे चढता," गुरुनाथ म्हणाला.

"चढता नाय, धावता."

गुरुनाथ पाठ फिरवून उगाचच पातेल्यात डोकावायला लागला. पातेलं रिकामं होतं. पन्नाशी उलटलेला, दांडगा, बंदराजवळ खानावळ चालवणारा आणि सुरमईचं डोकं एका घावात उडवणारा हा माणूस गेल्या दोन वर्षांत पार रडका झाला होता. बायकोसमोर रडायचं नाही एवढीच काय ती त्याची मर्दुमकी उरली होती.

आता हा आकडा कसला, ते सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी फळ्यावर गणित मांडता मांडता बरोबरच्या चिन्हापाशी उज्ज्वलाचा हात थांबला. पुढे काय लिहायचं ते सुचेना. पोरांना वाटलं, बाई आपली परीक्षा बघतायत. मग तिच्या हातातला खडू पडला आणि पाठोपाठ तीही पडली. मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणं झाली, गोळ्या झाल्या. केस गेले, परत आले, आणि केसांच्या मागोमाग गाठही परत आली. मेंदूतली ही गाठ हरळीसारखी असते. वरून कितीही खुरपा, मुळं आतच राहतात.

दुसऱ्यांदा गाठ आल्यावर डॉक्टर मंडळी हळू बोलायला लागतात. डॉ. प्राची वानखडे मात्र हळू बोलल्या नाहीत. मूळच्या अमरावतीच्या, वयाने उज्ज्वलाहून लहान, आणि बोलणं सडेतोड.

"खोटं नाही सांगणार, मॅडम. ही पहिल्या टप्प्याची चाचणी आहे. माणसात पहिल्यांदाच करतोय. डोस किती द्यायचा, किती झेपतो, एवढंच आम्हाला आत्ता शोधायचं आहे. तुम्हाला गुण येईल असं मी म्हणू शकत नाही. तुमच्यामागून येणाऱ्यांना कदाचित येईल."

गुरुनाथ भडकला. "म्हणजे आम्ही काय उंदीर?"

"उंदरांवर कधीच झालंय ते," उज्ज्वला म्हणाली. "उंदीर सही करत नाहीत. कुठे करायची सही, डॉक्टर?"

उपचार ऐकायला अद्भुत, पण समजायला सोपा. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. खोकल्या-पडशाच्या जंतूंना त्या बरोबर हेरतात, पण गाठीतल्या पेशी घरच्याच असल्यामुळे त्यांच्याकडे काणाडोळा करतात. म्हणून उज्ज्वलाच्या रक्तातून या पहारेकरी पेशी काढायच्या, गाठीच्या पेशीवरची खूण ओळखायला त्यांना प्रयोगशाळेत शिकवायचं, आणि डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या एका छोट्या झडपेतून मेंदूभोवतीच्या पाण्यात परत सोडायचं. इथवर जुनंच होतं. अडचण पुढे यायची. सोडलेल्या पेशी गाठीपर्यंत पोचल्या की वाटेतच मेल्या, हे कळायचं कसं? स्कॅनमध्ये गाठ वाढली तरी सूज दिसते आणि पेशी गाठीशी भिडल्या तरी सूजच दिसते.

वानखडेबाईंच्या गटाने यावर तोडगा काढला होता. पहारेकऱ्याने गाठीची पेशी पकडली, की त्याच क्षणी त्याने एक वास सोडायचा, अशी तजवीज त्यांनी त्या पेशींतच करून ठेवली. संत्र्याच्या सालीत असतो त्या जातीचा वास. माणसाचं शरीर तो स्वतः कधी बनवत नाही. वास रक्तात उतरतो, रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून श्वासात. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही, फुंकणीला लागतो. आकडा शून्य, म्हणजे पेशी वाया गेल्या. आकडा चढता, म्हणजे आत लढाई सुरू.

अर्थात पथ्य कडक होतं. लिंबू, संत्रं, पुदिना, ओवा, जिरं, बडीशेप, गवती चहा, सगळं बंद. आहारतज्ज्ञ मुलगी रोज फोन करून विचारायची, काल काय काय खाल्लं?

पहिल्या गटात तिघेजण होते आणि तिघांनाही सगळ्यात लहान डोस. या तिघांत कुणाचाही आकडा चढला तर पुढच्या गटाला तेवढाच डोस द्यायचा, नाहीच चढला तर मोठा. मोठ्या डोसाने मेंदूला सूज येण्याचा धोका, म्हणून ही सावधगिरी.

पेशी सोडल्यावरचे दिवस वाईट गेले. आकडा शून्यावरून हलेना. उज्ज्वलाचं अन्नावरचं मन उडालं. गुरुनाथने रुग्णालयाजवळ एक खोली आणि एक शेगडी भाड्याने घेतली होती. त्याने मुगाची खिचडी केली, पेज केली, पोळ्या लाटल्या. ती दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. ज्याने उभ्या आयुष्यात लोकांना जेवायला घातलं त्याची बायको त्याच्यादेखत उपाशी राहत होती. गुरुनाथला ते पाहवत नव्हतं.

शेवटी त्याने रात्रीच्या बसवाल्याला गळ घातली आणि वेंगुर्ल्याहून बर्फातले बांगडे मागवले. सोबत घरचं खोबरं, आमसुलाची सोलं आणि तिरफळं. घाटावरच्या वाचकांना तिरफळ ठाऊक नसेल. मिऱ्यापेक्षा जरा मोठं, काळपट, उललेलं फळ. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे माशाच्या दाट कढीत, ते ठेचून टाकतात आणि त्याने जिभेला मुंग्या येतात. कोकणात बांगडा तिरफळांवाचून शिजवणं म्हणजे लग्नात नवरा विसरण्यासारखं आहे.

उज्ज्वलाने त्या दिवशी भातावर भात मागून घेतला.

"काय गो, आवडला?" गुरुनाथने विचारलं.

"जिभेक काहीतरी कळलां. कितके दिवसांनी."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकणीवर तीन आले.

मग काय विचारता. बांगडे रोजचेच झाले. उज्ज्वला जेवायला लागली, जेवायला लागली म्हणून फिरायला लागली, जिना एकटीने उतरायला लागली. जूनपासून वर्गावर येते, असं तिने मुख्याध्यापकांना परस्पर कळवूनही टाकलं. इतर दोघांचे आकडे शून्यच होते, त्यामुळे वानखडेबाई जपूनच बोलायच्या, पण उज्ज्वलाला तपासायला येताना त्यांचीही पावलं हलकी पडायची.

सगळ्यात जास्त आनंद व्यंकट बिरादारला. हा उदगीरचा एसटी ड्रायव्हर, चाळिशीच्या आतला, पुढच्या गटातला पहिला. तपासणीला आला तेव्हा उज्ज्वलाशी ओळख झाली आणि तेव्हापासून रोज सकाळी त्याचा फोन यायचा. "ताई, आज किती?" ती आकडा सांगायची, आणि पलीकडून तो बायकोला ओरडून सांगताना ऐकू यायचं.

खोट सापडली ती सोमवारांमुळे.

उज्ज्वला सोमवारी मासे खात नसे. लहानपणापासूनचं व्रत, आजारातही मोडलं नव्हतं. गुरुनाथच्या ध्यानात आलं, की मंगळवारी सकाळी आकडा उतरतो. एकदा वाटलं, योगायोग. दुसऱ्या मंगळवारी परत तेच. बुधवारी दुपारी ताटं घासताना त्याने कडेला काढलेली तिरफळाची सालं उचलली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट हुंगली.

संत्र्याची साल.

तिरफळ कुणी खात नाही. कढीत टाकतात, वास उतरला की ताटाच्या कडेला काढून ठेवतात. त्यामुळे आहारतज्ज्ञ मुलीने काय खाल्लं म्हणून विचारलं की गुरुनाथ इमानाने सांगायचा: बांगडा, भात, सोलकढी. तिरफळ सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. आपण जेवताना पाट खाल्ला असं कुणी सांगतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला आंघोळीला गेली तेव्हा त्याने फुंकणीला नवी नळी लावली आणि स्वतःच फुंकर घातली. काचेवर चौदा आले.

गुरुनाथ आरोलकरच्या डोक्यात कसलीही गाठ नव्हती.  न्हाणीघरातून उज्ज्वलाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. आजारानंतर ती पहिल्यांदाच गुणगुणत होती.

सांगायचं, असं त्याने ठरवलं. देवाशपथ ठरवलं. पण तेवढ्यात ती ओले केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आज काय करतास जेवक?" तिला भूक लागलेली पाहिली आणि गुरुनाथने बांगडे एवढंच सांगितलं. त्याने स्वतःची समजूत घातली, की नुसतंच बंद करू, हळूहळू कळेल. त्या दिवशी त्याने तिखलं तिरफळांशिवाय केलं. दुसऱ्या दिवशी आकडा चारावर आला.  उज्ज्वलाने नाश्त्याची ताटली सरकवली आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुपारी गुरुनाथने मूठभर तिरफळं ठेचली आणि कढीत टाकली. या वेळी त्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं.  सकाळी बारा आले आणि उज्ज्वला हसली. त्या हसण्याने त्याला जेवढं सुख झालं तेवढीच शरम वाटली.

असे काही दिवस गेले. मग व्यंकट पुण्यात दाखल झाला. सोमवारी त्याला पेशी देणार होते. रविवारी दुपारी उज्ज्वलाने त्याला जेवायला बोलावलं.

व्यंकट डोक्याला टॉवेल गुंडाळून आला, कोपऱ्यात चप्पल काढली आणि अवघडून बसला. "मासे कधी खाल्ले न्हाईत जास्त," तो म्हणाला. "पर ताई, तुमच्या घरचं म्हणून खातो. तुमच्यामुळंच तर हितवर आलो. बायको न्हाई म्हणत होती. म्हणली, कशाला डोक्यात कायबाय घालून घेता. म्या म्हणलं, त्या ताईंचा आकडा बघ. तेवढाच डोस मला हाय. म्हंजी मला बी तसंच होणार."

"होईल," उज्ज्वला म्हणाली. "तुमचा माझ्यापेक्षा वर जाईल."

गुरुनाथ वाढत होता. व्यंकटच्या ताटात भात वाढला, त्यावर तिखलं ओतलं. तिरफळं भातावर येऊन बसली. व्यंकटने हात धुतला, ताटाला नमस्कार केला आणि पहिला घास कालवला.

"थांबा," गुरुनाथ म्हणाला.

आणि वाकून त्याने व्यंकटपुढचं ताट उचललं.

वाढलेल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आपल्याकडे लहान पोरही जाणतं. खानावळवाल्याला तर ते पाप. पैसे बुडवून पळालेलं गिऱ्हाईक परत आलं, तरी आधी जेवू द्यायचं आणि मग मानगूट धरायची, अशी गुरुनाथची रीत. तो माणूस पाहुण्याचं ताट हातात घेऊन उभा होता आणि कढी कडेवरून त्याच्या पायावर सांडत होती.

"अवो, काय करतास?" उज्ज्वला उठली.

"ह्या खाऊ नका, व्यंकटराव. ह्यात तो वास आसा. तिरफळांत." गुरुनाथला पुढचं धड बोलता येईना. "उज्ज्वला, तुझो आकडो तिरफळांचो आसा. मी फुंकलंय तेव्हा माझो चौदा इलो."

 व्यंकटचा कालवलेला हात तसाच हवेत राहिला होता.

उज्ज्वलाने नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या ताटाकडे बघितलं. फुंकणी शेजारीच होती, पण तिने ती मागितली नाही. या माणसाने वाढलेलं ताट मागे घेतलं, म्हणजे हे खरंच असणार, हे तिला वेगळं पडताळून बघायची गरज नव्हती.

"कधीपासून ठाऊक आसा तुमका?"

"झाले धा-बारा दिवस."

"आणि तरी घातलास?"

"घातलंय. तू जेवत होतंस गो."

ती खाली बसली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग रडली, आवाज न करता, तोंड न लपवता. व्यंकट बिचारा कुठे बघावं ते न कळून दाराकडे बघत होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "मंग म्या काय करू? घेऊ का नको?"

उज्ज्वलाने डोळे पुसले. "ते मी सांगू शकत नाही, व्यंकटराव. मी इतके दिवस सांगत होते तेच चुकीचं होतं. पण उद्याचा डोस तुम्ही घेऊ नका. तो माझ्या आकड्यावर ठरवलाय." आणि तिने स्वतःच वानखडेबाईंना फोन लावला.

"काय म्हणालात? तिरफळ?" पलीकडून आवाज आला. "ते काय असतं?"

वानखडेबाई रविवार असून तासाभरात खोलीवर आल्या. एक तिरफळ चुरगळून हुंगलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "आम्ही काय खाल्लं ते विचारत राहिलो," त्या म्हणाल्या. "काय घालून शिजवलं ते विचारलंच नाही. चूक आमची आहे, आरोलकर." गुरुनाथ म्हणाला, पहिली चूक तुमची असेल, पण नंतरची मूठ माझी होती. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि लिहूनही घेतलं.

साधं जेवण सुरू झालं. आकडा उतरत गेला आणि शून्यावर येऊन थांबला, इतर दोघांसारखाच. समितीने ठरवलं, की लहान डोस पोचत नाही, पुढच्या गटाला मोठा द्यावा. व्यंकटला सगळं पुन्हा समजावून सांगितलं, सुजेच्या धोक्यासकट. तो दोन दिवस उदगीरला जाऊन आला, बायकोला घेऊन आला, आणि सही केली.

उज्ज्वलाने मात्र पुन्हा जेवण टाकलं. गुरुनाथला ज्याची भीती होती तेच झालं. तो काही करून आणायचा, ती नको म्हणायची. एके दुपारी तो पेजेची वाटी घेऊन तिच्या पुढ्यात नुसता बसून राहिला. सांगायला तोंड नव्हतं, उठायला जीव होत नव्हता.

"तुमी माका फसवलास," ती म्हणाली.

"व्हय."

"त्या व्यंकटाक कमी डोस दिलो असतो. तो माझ्या भरवशावर मेलो असतो."

"व्हय गो." आणि मग पन्नाशी उलटलेला तो माणूस बायकोच्या समोर हमसून हमसून रडला. "माका तू होया. बाकी काय्येक दिसलां नाय माका."

उज्ज्वलाने वाटी त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली आणि त्याचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. "मी आकड्यासाठीच जेवत होतंय," ती म्हणाली. "खोटां कशाक सांगू? आता तुमच्यासाठी जेवतलंय. पण जरा वेळ द्या माका. राग आसा अजून." त्या दिवशी तिने अर्धी वाटी पेज घेतली. राग होता, तरी घेतली.

वानखडेबाई एकदा म्हणाल्या, पहिल्या गटातल्यांची तब्येत धड असेल तर त्यांनाही मोठा डोस घेता येईल, विचार करा. उज्ज्वला म्हणाली, आधी व्यंकटचं होऊ दे. आता तिचा डावा हात जड पडत होता, मधूनच एखादा शब्द सापडत नसे. विचार करायला फार सवड नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

व्यंकटला डोस दिला. ताप चढला, सूज आली, दोन दिवस अतिदक्षता विभागात काढले. मग सूज उतरली. आणि एका सकाळी फोन वाजला.

"ताई, दोन आले."

उज्ज्वला उठून बसली. फोन स्पीकरवर टाकला. "काल काय खाल्लंत?"

"वरण-भात."

"फोडणी?"

"मोहरीची. जिरं न्हाई."

"तोंडात काही? सुपारी, बडीशेप, गोळी?"

"न्हाई ताई."

"दंतमंजन कसलं? पाहुण्यांनी फळं आणली? कुणी शेजारी संत्रं सोललं? बायकोने डोक्याला तेल कसलं लावलंय?"

व्यंकट एकेकाचं उत्तर देत गेला. पलीकडे वानखडेबाईंचं हसणं ऐकू आलं. म्हणाल्या, आमच्या तपासणीत एवढे प्रश्न नव्हते, मॅडम. गुरुनाथही ऐकत उभा होता, हातातलं उलथनं तसंच धरून. उज्ज्वलाने विचारण्यासारखं आणखी काही राहिलंय का, ते डोळे मिटून आठवून बघितलं. एक शब्द अडला, तो सापडेपर्यंत थांबली, आणि तोही प्रश्न विचारून घेतला.

"मग तो आकडा तुमचा आहे, व्यंकटराव," ती म्हणाली. "खरा आहे. बायकोला सांगा."

पलीकडे गलका झाला आणि फोन बंद झाला. उज्ज्वला ठेवलेल्या फोनकडे बघत राहिली. गाल ओले झाले होते, पण चेहरा शांत होता.

"डॉक्टरांका सांगा," ती गुरुनाथला म्हणाली. "मीय घेतंय. मोठो डोस."

गुरुनाथ तिच्याजवळ येऊन बसला. गेले कित्येक दिवस जे विचारायला तो घाबरत होता, ते त्याने विचारलं.

"आणि तुझो आकडो इलो नाय तर?"

"तर नाय इलो," उज्ज्वला म्हणाली. "शून्य इलो तर शून्य वाचूया. तुमी फक्त हंय बसा."

त्याने मान हलवली. तिने त्याच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि हात हातात धरून ठेवला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, शेगडीवरचा भात करपायला लागला होता, आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही.